उधारीची वही पायथनमध्ये: टेक्स्ट फाइल लिहायची-वाचायची कशी

नागपुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी तर्री-पोह्याचा ठेला आहे. तिथल्या काकांची उधारी मी पायथनने टेक्स्ट फाइलीत लिहून ठेवतो. एकदा फाइल उघडताना एक अक्षर चुकलं आणि महिन्याची उधारी साफ झाली. काका म्हणाले, "काऊन बे, साऱ्यांची फिटली का?"

तेव्हा आधी ते अक्षर. फाइल उघडणाऱ्या 'ओपन'ला पहिल्यांदा नाव द्यायचं, मग मोड. 'आर' म्हणजे वाचणं. मोड दिलाच नाही तर हाच धरतात. 'डब्ल्यू' फाइल उघडताक्षणी आतलं सगळं पुसतो, तुम्ही पुढे काही लिहा वा नका लिहू. 'ए' जुन्याच्या खाली नवं जोडतो. उधारीला 'ए'च.

ओळ अशी (टाइप करताना पायथनचे शब्द रोमन लिपीत, 'वही' हे नाव मात्र देवनागरीत चालतं):

विथ ओपन("उधारी.टीएक्सटी", "ए", एनकोडिंग="यूटीएफ-८") ॲज वही:

एनकोडिंग, म्हणजे अक्षरं फाइलीत साठवायची पद्धत, गाळू नका. विंडोजवर ३.१४ आवृत्तीपर्यंतचं पायथन बहुतेकदा १२५२ क्रमांकाचं जुनं कोडपेज (अक्षरांचा तक्ता) धरतं. त्यात देवनागरी नाहीच, म्हणून 'मनोज' लिहायला गेलात की एरर. 'विथ'मुळे काम संपल्यावर फाइल आपोआप बंद होते.

खालच्या ओळीत चार स्पेस सोडून 'वही.राइट' आणि कंसात मजकूर: "मनोज,४०". शेवटी, अवतरणचिन्हाच्या आतच, बॅकस्लॅश आणि एन टाका. 'राइट' स्वतःहून नवी ओळ करत नाही; विसरलात तर "मनोज,४०प्रशांत,६०" असा काला होतो.

वाचताना तीच ओळ, फक्त मोड 'आर'. 'रीड' सगळी फाइल एकदम उचलतो. हिशोबाला 'फॉर ओळ इन वही' बरं, एकेक ओळ हाती येते. तिच्या शेपटीची नवी ओळ 'स्ट्रिप'ने काढा, 'स्प्लिट'ने स्वल्पविरामावर तोडा, दुसरा तुकडा 'इंट'मध्ये घालून मजकुराची संख्या करा आणि बेरीज करा. 'इंट'ला देवनागरी ४० सुद्धा कळतं. मला हे कळलं तेव्हा मी आकडे बदलायचा अख्खा प्रोग्राम लिहून बसलो होतो!

'फाइल नॉट फाउंड' आलं तर बहुधा प्रोग्राम दुसऱ्याच फोल्डरमधून चाललेला असतो. तेव्हा नावाऐवजी पूर्ण पत्ता द्या. 'ए' अशा वेळी तक्रार न करता तिथे नवी कोरी फाइल बनवतो, आणि उधारी दोन वह्यांत विखुरते.