टेम्पो उलटा भरला आणि कीबोर्डची घूंऽऽ गेली

आमचा ऑर्केस्ट्रा ठाण्याचा. दुपारी वाशीला विष्णुदास भावे नाट्यगृह, रात्री ठाण्यात घाणेकर, असा दिवस आला की मला गायकांची नाही, टेम्पोची काळजी. सामान हाताला येईल तसं भरलं जायचं आणि पडदा उघडायची वेळ झाली तरी "अरे, ड्रमचा गालिचा कुठंय?" चालू.

आता भरणी उलटी. रंगमंचावर आधी लागणारं टेम्पोत शेवटी: गालिचा, विजेचे बोर्ड, वायरी दाराशी. पेट्यांना रंगीत टेप, लाल म्हणजे डावी बाजू, निळा म्हणजे उजवी. माइकची पेटी मात्र माझ्या मांडीवर.

राहिली कीबोर्डची घरघर. एका हॉलमध्ये आवाजाचा मिक्सर प्रेक्षागृहातल्या सॉकेटवर, कीबोर्ड रंगमंचावरच्या. दोन्हीकडच्या अर्थिंगमध्ये फरक असला की सिग्नलच्या वायरीतून वर्तुळ पूर्ण होतं आणि ५० हर्ट्झची वीज स्पीकरमधून गाऊ लागते. "अर्थची पिन काढून टाका," असं सांगणारा एक जण सगळीकडे भेटतोच. अजिबात ऐकू नका, गायकाचे ओठ माइकला लागतात, शॉक जिवावर बेतू शकतो.

कीबोर्ड आणि मिक्सरच्या मध्ये ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स, म्हणजे वाद्याचा सिग्नल मिक्सरला जोडणारी छोटी पेटी, घातला, त्यावरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबलं, घरघर बंद. हे बटण सिग्नलच्या वायरीचं ग्राउंड तोडतं; विजेचं अर्थिंग शाबूत राहतं.

शिवाय मिक्सरलाही वीज शक्यतो रंगमंचावरच्याच बोर्डातून ओढतो. त्यासाठी जाड वायरीचं मोठं भेंडोळं न्यावं लागतं. ड्रायव्हर कुरकुरतो, पण जागा करून देतो.