जुन्या पिकअपचे रिव्हर्स दिवे लागत नसतील तर

रिव्हर्स गिअर टाकूनही मागचे पांढरे दिवे लागत नसतील, तर सुटे भाग विकत आणण्याआधी एक दिवा बंद आहे की दोन्ही, हे पाहावे. एकच बंद असल्यास दोष बहुधा त्याच बाजूच्या बल्बमध्ये, होल्डरमध्ये किंवा अर्थिंगमध्ये (दिव्याची वायर गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, म्हणजे चेसिसला, जोडलेली असते तेथे) असतो. दोन्ही बंद असल्यास फ्यूज, गिअरबॉक्सवरचा स्विच आणि दोन्ही दिव्यांची सामाईक वायर यांच्यावर संशय घ्यावा. मात्र एक बल्ब कधीच गेलेला असतो आणि दुसरा गेल्यावरच ते ध्यानात येते, असेही घडते, म्हणून बल्ब काढून पाहावेतच.

तपासणीसाठी गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा, चाकांना ठोकळे लावावेत आणि इंजिन सुरू न करता केवळ चावी फिरवून रिव्हर्स गिअर टाकावा.

फ्यूज शाबूत असल्यास गिअरबॉक्सवरच्या स्विचकडे जावे. हाताने गिअर टाकण्याच्या गाडीत हा बहुधा दोन वायरींचा साधा स्विच असतो. त्याचे कनेक्टर काढून वायरींच्या बाजूच्या कनेक्टरमधील दोन टोके वायरच्या तुकड्याने एकमेकांना जोडल्यावर दिवे लागले, तर स्विच निकामी झाला आहे असे समजावे. तो काढताना गिअर ऑइल गळू शकते, म्हणून खाली भांडे ठेवावे आणि नवा स्विच बसवताना वॉशर विसरू नये. ऑटोमॅटिक गाडीतील स्विचला अनेक वायरी असतात; तेथे अंदाजाने जोडाजोडी करू नये.

माझ्या मते जुन्या पिकअपमध्ये सर्वांत आधी संशय घ्यावा तो अर्थिंगचा. मागच्या चाकांनी उडवलेला चिखल आणि हौद्यातून झिरपणारे पाणी थेट तेथेच पोहोचते. होल्डरमध्ये हिरवट-पांढरा थर दिसतो, अर्थिंगच्या स्क्रूखाली गंज धरतो, आणि वरून धडधाकट दिसणारी वायर सोलल्यावर आतले तांबे काळे पडलेले निघते. अशा वायरीच्या टोकाला मल्टिमीटर १२ व्होल्ट दाखवतो आणि आपण फसतो, कारण मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही. २१ वॅटच्या बल्बला मात्र पावणेदोन अँपिअरच्या आसपास करंट लागतो. म्हणून येथे बल्बचा टेस्ट लॅम्प अधिक भरवशाचा. होल्डरच्या अर्थच्या टोकापासून चेसिसवरच्या स्वच्छ, रंग खरवडलेल्या जागेपर्यंत तात्पुरती वायर जोडावी. दिवा लख्ख पेटला तर दोष सापडला. ब्रेक दाबल्यावर रिव्हर्सचा दिवा मंद लुकलुकणे हेही बिघडलेल्या अर्थिंगचेच लक्षण असते. तो सांधा उघडून, पॉलिश पेपरने घासून पुन्हा घट्ट बसवावा आणि वरून ग्रीस लावावे.

फ्यूज वारंवार उडत असेल तर बहुधा वायर चेसिसच्या धारेवर कोठेतरी घासून उघडी पडलेली असते. ती जागा सापडेपर्यंत त्याच क्षमतेचा फ्यूज वापरावा. मोठा फ्यूज बसवल्यास फ्यूजऐवजी वायर जळते.