रेस दिली की बंद पडणारा चेनसॉ

धुऱ्यावरची बाभूळ तोडायची किंवा संत्र्याची सल (वाळलेल्या फांद्या) काढायची वेळ आली की वर्षभर कोपऱ्यात पडलेला चेनसॉ बाहेर निघतो. सुरू होतो, पण रेस दिली की बंद. अशा वेळी आधी कार्बोरेटरचे स्क्रू फिरवू नका. ते सहसा आपोआप हलत नाहीत. बिघाड दुसरीकडे असतो आणि स्क्रू छेडले की एकाचे दोन होतात.

टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं आणि जुन्या मशीनचं रबर खराब करतं. ताज्या पेट्रोलात टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनचं) ऑइल मिसळताना मशीनवर लिहिलेलं प्रमाणच पाळा: ५०:१ असेल तर लिटरला २० मिली, ४०:१ असेल तर २५ मिली.

एअर फिल्टर साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा. स्पार्क प्लग उघडून बघा. तपकिरी असेल तर ठीक. काळा आणि ओला असेल तर पेट्रोल जास्त जातंय किंवा हवा अडतेय. पांढराफटक असेल तर मशीन चालवूच नका: कुठून तरी जादा हवा शिरतेय किंवा पेट्रोल कमी पडतंय, पिस्टन जळेल. प्लगचा गॅप साधारण ०.५ मिमी ठेवा.

थोडा वेळ चालून बंद पडत असेल तर टाकीचं झाकण क्षणभर सैल करून घट्ट लावा. लगेच सुरू झालं तर टाकीची हवेची वाट बुजली आहे, ती मोकळी करा. मग वाकवलेल्या तारेने टाकीतला फिल्टर बाहेर ओढा, बदला. पेट्रोलची नळी टाकीच्या भिंतीतून जाते तिथेच चिरते. ती चीर नळी वाकवल्याशिवाय दिसत नाही.

एवढं करूनही रेस घेत नसेल तर कार्बोरेटर उघडा. आतला पडदा (डायफ्राम) मऊ हवा. कागदासारखा वाजला तर कडक झालाय. कार्बोरेटरवरचा नंबर दाखवून किट आणा. बसवताना वालब्रो, झामा या कंपन्यांच्या बहुतेक कार्बोरेटरांत पंपाच्या बाजूला आधी पडदा, मग गॅस्केट. दुसऱ्या बाजूला आधी गॅस्केट, मग पडदा. इथेच बहुतेकांची गफलत होते. जेटमध्ये (पेट्रोलच्या बारीक भोकात) तार घालू नका, भोक मोठं होतं.

आता स्क्रू. एल (मंद रेसचा) आणि एच (फुल रेसचा) हलक्या हाताने बंद करून एकेक फेरा उघडा, इंजिन गरम होऊ द्या. रेस अडखळत असेल तर एल थोडा उघडा. फुल रेसला आवाज किंचित फडफडता हवा, लाकडात घातल्यावर साफ व्हावा. सतत किंचाळत असेल तर एच उघडा. मंद चालताना चेन फिरली तर एलए (मंद चालीचा वेग ठरवणारा स्क्रू) कमी करा.

तरीही जमलं नाही तर स्विच बंद करून मशीन स्टार्टरच्या दोरीच्या मुठीने उचला. झटके घेत हळू खाली आलं तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) आहे. सरळ खाली घसरलं तर रिंग किंवा पिस्टन गेलेत, ते मिस्त्रीचं काम.