सरकारी कार्यालयातल्या आयटीवर देखरेख: अहवालाआधी मूळ नोंदी मागवा

देखरेख समितीपुढे कंत्राटदाराचा रंगीत आलेखांचा अहवाल येतो आणि सगळे माना डोलावतात. तो बाजूला ठेवा. आकडे ज्या नोंदींवरून काढले त्या मागवा, त्याही थेट यंत्रणेतून काढलेल्या. कंत्राटदाराने हाताने भरलेली एक्सेल शीट चालणार नाही.

आधी अपटाइम, म्हणजे यंत्रणा चालू राहण्याचं प्रमाण. करारात ९९.५ टक्के असेल, तर ३० दिवसांच्या महिन्यात यंत्रणा एकूण ३ तास ३६ मिनिटं बंद राहू शकते; ९९.९ असेल तर जेमतेम ४३ मिनिटं. बंद पडल्याच्या वेळांची बेरीज स्वतः करा. अहवालाशी तफावत आली तर ‘नियोजित देखभाल’ या सदरात शोधा; तो वेळ सहसा बंद वेळेत धरत नाहीत. बिघाडानंतर मागाहून घातलेली नोंद तिथेच लपते, म्हणून पूर्वसूचनेचा ईमेल कधी गेला ते पाहा. तक्रारींतही हीच गंमत: ‘वापरकर्त्याच्या उत्तराची प्रतीक्षा’ असा शेरा मारला की तक्रार सोडवण्याच्या मुदतीचं घड्याळ थांबतं. असा शेरा असलेली २०-२५ तिकिटं (तक्रारींच्या नोंदी) उघडा आणि वापरकर्त्याला खरंच काही विचारलं होतं का ते तपासा. हे झाल्याशिवाय बिल मंजूर करू नका. पैसे गेल्यावर दंड वसूल करणं जिकिरीचं.

दर तिमाहीला आस्थापना शाखेकडून बदली, निवृत्ती, राजीनाम्यांची यादी घ्या आणि चालू लॉगिनशी कर्मचारी क्रमांकावरून जुळवा. नावावरून नको, स्पेलिंग बदललं की माणूस हुकतो. निवृत्तांपेक्षा बदली झालेले जास्त त्रासाचे. जुन्या टेबलाचे अधिकार निघत नाहीत, नवे वर चढतात, आणि एकच माणूस बिल तयारही करतो, मंजूरही. ‘ॲडमिन’ नावाचं सामायिक खातं दिसलं तर बंद करायला लावा. कोणी काय केलं हे त्या खात्याच्या लॉगवरून (वापराच्या नोंदींवरून) कधीच कळत नाही.

बॅकअपपुढे ‘यशस्वी’ लिहिलंय याचा अर्थ फाइल लिहिली गेली, एवढाच. वर्षातून दोनदा तरी वेगळ्या सर्व्हरवर रिस्टोअर करून, म्हणजे बॅकअपमधली माहिती परत आणून घ्या, आणि कुठल्या तारखेचा बॅकअप घ्यायचा ते समितीने आयत्या वेळी सांगावं. तक्त्यांतल्या ओळी मोजा, जोडलेली कागदपत्रं उघडून बघा. डेटाबेस परत येतो, पण स्कॅन वेगळ्या फोल्डरात असल्याने राहून जातात. लागलेला वेळ करारातल्या मर्यादेशी ताडा.

डोमेन (संकेतस्थळाचा पत्ता), क्लाउड खातं, सोर्स कोड (सॉफ्टवेअरचा मूळ प्रोग्राम) कोणाच्या ताब्यात आहे ते करार संपायच्या सहा महिने आधीच बघून घ्या.

इतिवृत्तात प्रत्येक त्रुटीपुढे जबाबदार पद आणि तारीख हवी. ‘कार्यवाही सुरू आहे’ हे उत्तर लिहून घेऊ नका.