पाठलागाचा डॅशकॅम व्हिडिओ कसा पाहावा

अमेरिकी पोलिसांनी केलेल्या पाठलागाचा व्हिडिओ हाती आला, तर शेवटची टक्कर आधी पाहू नये. आधी कागदावर तीन प्रश्न वेगवेगळे लिहावेत: हा पाठलाग सुरू करण्याजोगा होता का, तो चालू ठेवण्याजोगा होता का, आणि तो थांबवण्यासाठी वापरलेले बळ वाजवी होते का. सुरुवात योग्य असूनही पाठलाग पुढे सोडून द्यायला हवा होता, असे घडू शकते, आणि सगळी गफलत नेमक्या पहिल्याच मिनिटात झाली, असेही होऊ शकते. त्यामुळे एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याच्या खाती मांडू नये.

पहिल्या काही सेकंदांना आवाज नसेल, तर लगेच छेडछाडीचा संशय घेऊ नये. पोलीस गाडीतील समोर रोखलेला कॅमेरा, म्हणजे डॅशकॅम, बहुधा छतावरचे दिवे लावताच आपोआप चित्रमुद्रण सुरू करतो आणि त्याआधीचा थोडा भाग स्मृतीतून जोडून घेतो. हा जोडलेला भाग अनेक यंत्रणांमध्ये मूकच असतो. मात्र तो फार मोलाचा असतो, कारण गाडी थांबवण्याचे मूळ कारण दिसले, तर तिथेच दिसते. ते कारण वेळेसह टिपून ठेवावे.

सरावासाठी ‘स्कॉट विरुद्ध हॅरिस’ या खटल्यातील व्हिडिओइतका चांगला धडा नाही. मार्च २००१ मध्ये जॉर्जिया राज्यात, ताशी ५५ मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर, हॅरिस नावाचा एक १९ वर्षांचा तरुण रात्री ७३ मैल वेगाने जात होता. पोलिसांनी दिवे लावले तरी तो थांबला नाही आणि सुमारे सहा मिनिटे, जवळजवळ दहा मैल, बहुतांशी दुपदरी रस्त्यांवरून पाठलाग चालला. अखेर स्कॉट या पोलीस अधिकाऱ्याने, पळणाऱ्या गाडीला मागच्या बाजूस धक्का देऊन ती फिरवून थांबवण्याच्या डावपेचाची परवानगी वायरलेसवर मागितली आणि ती मिळाली. परंतु वेग फार असल्याचे पाहून त्याने आपला बंपर थेट पुढच्या गाडीच्या मागच्या भागावर दाबला. गाडी बांधावरून खाली गेली आणि तरुणाचे हातपाय कायमचे लुळे पडले. बळाचा अतिवापर झाला म्हणून त्याने अधिकाऱ्यावर दावा लावला. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध १ मतांनी अधिकाऱ्याच्या बाजूने निकाल दिला, तोही प्रामुख्याने या व्हिडिओच्या आधारे, आणि तो व्हिडिओ न्यायालयाच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी ठेवला. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती स्कालिया यांनी लिहिला होता.

एकटे विरोधी मत देणारे न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी तोच व्हिडिओ पाहिला होता. सहकाऱ्यांना पडद्यावर ज्या झगझगाटांनी दचकवले, ते समोरच्या लेनमधून जाणाऱ्या गाड्यांचे हेडलाइट होते, आणि कडेला गेलेली वाहने रुग्णवाहिकेला वाट द्यावी तशी बाजूला झालेली असू शकतात, असे त्यांचे म्हणणे. पुढे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हा व्हिडिओ सुमारे १,३५० अमेरिकी लोकांना दाखवण्यात आला. बहुतेकांना न्यायालयाचे पटले. पण पाहणाऱ्यांचा वंश, मिळकत आणि राजकीय कल यांनुसार मते लक्षणीय बदलली. म्हणून आपण जिथे दचकतो, तिथे व्हिडिओ थांबवावा, दहा सेकंद मागे न्यावा आणि दचकण्याचे कारण रस्त्यावर होते की भिंगात, हे पुन्हा पाहावे. रुंद भिंगामुळे पुढची गाडी असते त्याहून दूर भासते, आणि कडेची झाडे-खांब मात्र अंगावर आल्यासारखे वाटतात.

हा कॅमेरा समोर रोखलेला असतो. अधिकारी उतरून बाजूच्या दाराकडे गेला की चित्रात उरते ते बॉनेट आणि पुढचा रस्ता. म्हणून एकदा डोळे मिटून केवळ आवाज ऐकावा. अधिकारी कंट्रोल रूमला कोणते कारण सांगतो, वेग व रहदारी कशी असल्याचे कळवतो, वरिष्ठ काही विचारतात का, थांबण्याचा आदेश येतो का, हे सारे वेळेसह लिहावे. माझ्या मते निम्मी उत्तरे इथेच मिळतात.

यानंतर मोजपट्टी घ्यावी. आणि मोजपट्ट्या दोन आहेत, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. पहिली राज्यघटनेची. १९८५ च्या ‘टेनेसी विरुद्ध गार्नर’ निकालानुसार केवळ पळतो आहे म्हणून कोणावर घातक बळ वापरता येत नाही, त्याच्यापासून गंभीर धोका असल्याचे सबळ कारण लागते. आणि १९८९ च्या ‘ग्रॅहम विरुद्ध कॉनर’ निकालानुसार बळ वाजवी होते की नाही, हे घटनास्थळी असलेल्या समंजस अधिकाऱ्याच्या नजरेतून ठरवायचे, मागाहून सुचलेल्या शहाणपणातून नव्हे. दुसरी मोजपट्टी त्या पोलीस खात्याच्या नियमावलीची, आणि ती पुष्कळदा अधिक कडक असते. चालत्या गाडीवर गोळीबार करण्यास न्यूयॉर्क शहराच्या पोलिसांनी १९७२ मध्येच मोठा आळा घातला, आणि फेब्रुवारी २०२५ पासून तिथे किरकोळ वाहतूकभंगासाठी पाठलाग करता येत नाही. गाडी फिरवून थांबवण्याचा डावपेच अनेक खाती ताशी ३५ मैलांच्या आतच वापरू देतात. सबब न्यायालयाने अधिकाऱ्याला सोडले, म्हणून खात्याचा नियम पाळला गेला, असा अर्थ काढू नये. नियमावलीची घटनेच्या दिवशी लागू असलेली प्रतच वाचावी: मिलवॉकी शहराने पाठलागाचे नियम २०१० मध्ये आवळले आणि २०१७ मध्ये पुन्हा सैल केले, म्हणजे एकाच दृश्याला दोन वर्षी दोन उत्तरे.

व्हिडिओ आरंभापासून पाहण्याला आता सर्वोच्च न्यायालयाचाही आधार आहे. ‘बार्न्स विरुद्ध फीलिक्स’ या प्रकरणात, टोल न भरल्याच्या कारणाने थांबवलेली गाडी चालू लागताच अधिकारी दाराच्या पायरीवर चढला आणि काही क्षणांतच त्याने गोळ्या झाडल्या. खालच्या न्यायालयाने तेवढेच क्षण तपासले होते. मे २०२५ मध्ये नऊही न्यायमूर्तींनी ही रीत नाकारली आणि आधी काय काय घडले, तेही विचारात घ्यावे लागेल, असे सांगितले.

व्हिडिओ मागवायचा असेल, तर कायदा राज्याराज्यांत वेगळा आहे. मराठी कुटुंबांची मोठी वस्ती असलेल्या न्यू जर्सीत, लिंडहर्स्ट येथील पाठलाग व गोळीबाराच्या प्रकरणी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये डॅशकॅमचे मुद्रण सामान्य विधीच्या, म्हणजे न्यायालयांच्या निकालांतून घडलेल्या कायद्याच्या, हक्काखाली खुले करण्यास सांगितले. २०१८ मध्ये दुसऱ्या प्रकरणात मात्र असे मुद्रण राज्याच्या अभिलेख कायद्याखाली, म्हणजे सरकारी नोंदी जनतेला खुल्या करणाऱ्या कायद्याखाली, मिळू शकत नाही, असे ठरवले. म्हणून अर्जात दोन्ही आधारांचा स्पष्ट उल्लेख करावा. तारीख, वेळ आणि रस्ता नेमका द्यावा, वायरलेस संभाषण व त्या दिवशीची पाठलागाची नियमावली स्वतंत्रपणे मागावी, आणि मथळे घालून कापलेली प्रत नको, कॅमेऱ्यातील मूळ मुद्रण हवे, असे लिहावे.