पडलेल्या झाडावरची गाठ: कुठे कापायची आणि कशाला वापरायची

पावसाळ्यात रेन ट्री, शिरीष, चिंच, आंबा अशी मोठी झाडं पडतात. खोडावर टोपलीएवढी गाठ असली तरी ती ओंडक्यांबरोबर जळणात जाते. करवतीला ती जड जाते, फळीलाही सरळ येत नाही, म्हणून वखारवाला ती बाजूला टाकतो. खरं तर त्या झाडातलं सगळ्यात देखणं लाकूड तिच्यातच असतं. मात्र ती हाती आल्यावर पहिल्या दिवशी काय करता, यावर जवळजवळ सगळं ठरतं.

उभ्या झाडाची गाठ कापू नका. तेवढ्या मोठ्या जखमेतून बुरशी आत शिरते आणि झाड पोखरत जातं. पडलेल्या झाडालाही हात लावण्याआधी परवानगी लागते. शहरात १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे, तेव्हा पालिकेच्या उद्यान विभागात विचारा. गावाकडे वनखात्याकडून वाहतुकीचा परवाना लागेल का, ते आधी विचारून घ्या. चंदनाच्या वाटेला जाऊच नका.

आता गाठ कसली आहे ते ओळखा. अंगठ्याएवढी साल सोलून पाहा. खाली बारीक टोकं, काटेरी उंचवटे दिसले तर आत सुप्त कळ्यांची दाटी आहे. कापल्यावर त्यांचेच ‘डोळे’ दिसतात. साल गुळगुळीत असेल आणि मध्ये वळी पडून मिटलेलं भोक असेल, तर ती मोडलेल्या फांदीवर चढलेली भर आहे. तिच्या आत बहुधा कुजकं लाकूड किंवा पोकळी असते. खात्रीसाठी मागच्या बाजूने ६ मिमीच्या बिटने भोक पाडा. ओलसर, चिवट कीस आला तर लाकूड चांगलं आहे. तपकिरी भुकटी आली तर मोठ्या भांड्याचा विचार सोडा आणि घट्ट भागातून सुरीच्या मुठी काढा. रस्त्याकडेच्या झाडात खिळे असतातच. बाभळीसारख्या टॅनिन असलेल्या लाकडात निळा-काळा डाग दिसला, तर जवळपास लोखंड आहे असं समजा. काजू आणि बिब्ब्याच्या ओल्या चिकाने कातडी भाजते, त्यामुळे ती लाकडं नवख्याने घेऊ नयेत.

पहिला काप

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. गाठ खोडालगत सपाट कापून घरी आणायची आणि ‘वाळली की बघू’ म्हणून अंगणात टाकायची, हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो चुकीचा आहे. गाठीतल्या रेषा सगळीकडे वळलेल्या असतात, त्यामुळे ती प्रत्येक दिशेने वेगवेगळी आकसते. उन्हात वरचा थर आधी वाळतो, आतला ओलाच राहतो आणि चिरा पडतात. सालीखाली भुंग्यांच्या अळ्याही लागतात.

खोडाचा तुकडा गाठीच्या वर-खाली १०-१५ सेंमी जास्त ठेवून कापा. टोकाच्या चिरा त्या जादा भागात राहतात आणि तो नंतर काढून टाकता येतो. मग खोड उभं चिरा आणि त्याचा अगदी मधला ठिपका गाठीच्या तुकड्यात राहू देऊ नका. तो राहिला तर तिथून चीर निघणार, कितीही मेण लावा.

आता खडूने रेघ मारा आणि कापण्याआधी ठरवा. कळ्यांचे धागे खोडाच्या आतून सालीकडे जातात. ते आडवे कापले, म्हणजे खोडाच्या पृष्ठभागाला समांतर फळ्या काढल्या, तर गोल डोळे दिसतात. धाग्यांच्या लांबीने कापलं तर पिसासारख्या रेषा येतात. डोळ्यांसाठी घेतलेली गाठ धाग्यांच्या लांबीने चिरली की ती संधी गेली.

१५ सेंमीच्या आतली गाठ पेन आणि सुरीच्या मुठींना द्यावी. त्यातून वाडगा काढायच्या नादात अर्धी भुशात जाते. १५ ते ३० सेंमीची, घुमटासारखी गाठ म्हणजे एक वाडगा. घुमट तळाला घेतला तर लाकूड कमी वाया जातं. घुमट वर घेतला तर सालीची नैसर्गिक कड मिळते, पण साल घट्ट धरलेली असेल तरच. पसरट आणि मोठी गाठ असेल तर ४०-५० मिमीच्या फळ्या काढा.

वाळवणं

कापलेला प्रत्येक भाग त्याच दिवशी वितळलेल्या पॅराफिन मेणाने बंद करा. मेण पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून वितळवा, थेट आचेवर ते पेटतं. मेण नसेल तर फेव्हिकॉलचे दोन जाड हात चालतात. ऑइलपेंट ओल्या लाकडावर नीट धरत नाही.

वाडगा करायचा असेल तर गाठ अख्खी वाळवू नका. ओली असतानाच लेथवर (लाकूड फिरवत कातायच्या यंत्रावर) ढोबळ आकार द्या, भिंत व्यासाच्या एक दशांश ठेवा: २५ सेंमीच्या वाडग्याला २५ मिमी. वाकडा झाला तरी पुन्हा गोल करायला तेवढं लाकूड पुरतं. सुरुवात मिनिटाला ४०० फेऱ्यांच्या आसपास करा. गाठीत अडकलेली साल सुटून उडते, म्हणून चेहऱ्यावर पूर्ण शील्ड हवीच, आणि धुळीसाठी मास्क.

मग तो वर्तमानपत्रात गुंडाळून सावलीत ठेवा. बुरशी दिसली तर कागद बदला. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर आठवड्याला वजन करून कागदावरच लिहा. लागोपाठ तीन वजनं सारखी आली की लाकूड त्या हवेपुरतं वाळलं. कोकणात पावसाळ्यात हे गणित फसवतं: वजन थांबतं, पण लाकडात ओल असते आणि एसीच्या खोलीत वाडगा पुन्हा हलतो. अंतिम कातकाम दिवाळीनंतरच करा.

फळ्या २० मिमीच्या पट्ट्या घालून रचा, वर वजन ठेवा आणि दर २५ मिमी जाडीला साधारण वर्ष धरा. आंब्याच्या पांढऱ्या लाकडाला भुंगा हमखास लागतो. त्यासाठी १ लिटर गरम पाण्यात २० ग्रॅम बोरिक ॲसिड आणि ३० ग्रॅम बोरॅक्स विरघळवून मेण लावण्याआधी ओल्या फळीला दोन हात द्या. खाण्याच्या भांड्यांना हे वापरू नये.

शेवटी २४० नंबरपर्यंत पॉलिश पेपर आणि कच्च्या जवसाच्या तेलाचे पातळ हात. तेलाची चिंधी चुरगाळून टाकू नका, ती आपोआप पेटू शकते. पसरून वाळवा, मग फेका.