वारसा वास्तूच्या दर्जा भरताना

दर्जा म्हणजे विटांमधल्या फटी, सांधे. वारसा यादीतल्या इमारतीच्या भिंतीला हात लावायचा तर आधी लेखी परवानगी घ्या आणि प्रत्येक भागाचे फोटो काढून ठेवा. मग ओल कुठून येते ते शोधा. फुटलेली पन्हळ तशीच ठेवून दर्जा भरल्या, तर सगळी मेहनत वाया जाते.

सिमेंट मात्र अजिबात नको. मी एका जुन्या भिंतीवरचं सिमेंट काढलं, तेव्हा आतल्या विटेचा हातात भुगा झाला. दर्जा शाबूत, वीट गेलेली! फार वाईट वाटलं. सिमेंट ओल अडवतं, मग पाणी विटेतून बाहेर पडतं, लोणा (क्षारांचा पांढरा थर) धरतो आणि विटेचे पापुद्रे सुटतात. चुना मऊ असतो, ओल बाहेर सोडतो. झिजायचंच असेल तर दर्जेने झिजावं, विटेने नाही.

जुना माल छिन्नीने हलक्या हाताने काढा. ग्राइंडर विटेच्या कडा खातो. मोकळी केलेली दर्जा तिच्या रुंदीच्या किमान दुप्पट खोल हवी. आत पाणी मारा, चुना-वाळूचा घट्ट माल थराथराने दाबून भरा आणि ओलं गोणपाट काही दिवस टांगून ठेवा. ऊन लागलं की चुना भुसभुशीत होतो.

तुटलेल्या नक्षीचा पुरावा नसेल तर अंदाजाने नवी घडवू नका. वारसा वास्तूंच्या जतनाची आंतरराष्ट्रीय तत्त्वं सांगणाऱ्या 1964 च्या व्हेनिस सनदेतही हेच म्हटलंय: अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे.